रात्र मंजूर करणारी तीन माणसं

इंग्लंडमधल्या एखाद्या गावात तुमचं छोटंसं दुकान आहे असं समजा. रात्री अकराला दोन मिनिटं कमी असताना तुम्ही गिऱ्हाइकाला वाफाळता चहा विकलात, तर रात्रीच्या परवान्याचा प्रश्नच येत नाही. आता पाच मिनिटं जाऊ द्या. तीच किटली, तोच चहा, तेच गिऱ्हाईक. पण आता त्या चहाला परवाना लागतो! रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात गरम खाणं किंवा गरम पेय विकायचं, तर स्थानिक कौन्सिलने मुद्दाम सूट दिलेली नसेल तिथे तिची परवानगी हवी. चहा गार होऊ द्या आणि मग विका, परवाना नको.

थट्टा नाही ही. इंग्लंड आणि वेल्ससाठी २००३ साली केलेल्या परवाना कायद्यात हे लिहिलेलं आहे. आणि त्या कायद्यात अशा गमती पानोपानी आहेत. बार असलेल्या जागेत पाचशेपर्यंत श्रोत्यांसमोर माइक लावून गाणं म्हणा. सकाळी आठ ते रात्री अकरा, वेगळ्या परवान्याची गरज सहसा पडत नाही. अकराचा ठोका पडला की तेच गाणं ‘परवानापात्र’ होतं. चर्चमध्ये मैफल भरवलीत तर मात्र मनोरंजनाचा परवाना मध्यरात्रीही लागत नाही. आणि गुडघ्यांना घुंगरू बांधून, हातात रुमाल घेऊन नाचायचं इंग्लंडचं एक लोकनृत्य आहे, मॉरिस डान्स. त्याला कायद्याने नाव घेऊन सूट दिली आहे. खासदारांच्या त्या चर्चेला आपण हजर असतो तर काय बहार आली असती!

आता या घड्याळाच्या तावडीत एक जुनी वास्तू नेऊन ठेवू. लंडनच्या पूर्व भागात एका चिंचोळ्या बोळात विल्टन्स नावाचं नाट्यगृह आहे. १८५९ साली गाण्या-बजावण्यासाठी उघडलं, पुढे मेथडिस्ट मिशनकडे गेलं, नंतर चिंध्यांचं गोदाम झालं, पाडलं जाता जाता वाचलं आणि आज पुन्हा तिथे खेळ होतात. अशा एखाद्या वास्तूच्या चालकांना वाटलं की शनिवारी रात्री दोनपर्यंत कार्यक्रम करावेत, तर त्यांनी काय करायचं?

आधी एक कागद चिकटवायचा. फिक्या निळ्या रंगाचा. निळाच का, ते विचारू नका, पण नियमात तसं आहे. कागद ए-फोर किंवा त्याहून मोठा, अक्षर काळं आणि सोळा पॉइंटपेक्षा लहान नाही. तो दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज वाचता येईल असा २८ दिवस लावून ठेवायचा, शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. या २८ दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं. समोरच्या आजीबाई, पोलीस, अग्निशमन दल, आवाजावर देखरेख करणारं पर्यावरण आरोग्य खातं, अगदी कुणीही.

आणि कुणीच घेतली नाही तर? इथे मी तो कायदा दोनदा वाचला. कुणीच ग्राह्य हरकत घेतली नाही, तर कौन्सिलने परवाना द्यायलाच हवा. ‘विचार करू’ नाही, ‘फाइल वर पाठवली आहे’ नाही. अर्जदाराने स्वतः लिहून दिलेल्या आणि कायद्याने सक्तीच्या केलेल्या अटी घालायच्या आणि सही करायची, बस्स. सरकारी कचेरीचं मौन म्हणजे नकार, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. इथे गावाचं मौन म्हणजे होकार!

एक-दोन रात्रींचाच मामला असेल तर याहून सोपी वाट आहे. २१ पौंड भरून तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना द्यायची. फार तर १६८ तास, म्हणजे बरोबर सात दिवस, आणि एका वेळी जास्तीत जास्त ४९९ माणसं. पाचशेवा माणूस आत आला की कायदा मोडला. त्या ४९९ मध्ये वाढपी आणि वादकही धरलेले असतात, हे विसरणारे बरेच जण फसतात.

पण ही सगळी उठाठेव सुरू कुठून झाली? त्याची गोष्ट मोठी मजेची आहे. हेन्री फील्डिंग नावाचा नाटककार १७३०च्या दशकात पंतप्रधानांची अशी काही खिल्ली उडवत होता की १७३७ मध्ये सरकारने नाटकांवर परवान्याचा कायदाच आणला. फील्डिंगची नाटकं थांबली. गडी कादंबऱ्यांकडे वळला, वकील झाला आणि पुढे चक्क लंडनचा मॅजिस्ट्रेट झाला. तिथे बसून त्याने १७५१ मध्ये वाढत्या लुटालुटीवर एक पुस्तिका लिहिली. गरिबांना चैनीची चटक लागते आणि मग ते चोऱ्या करतात, असा त्याचा सूर होता. पाठोपाठ कायदा आला: लंडन आणि भोवतालच्या वीस मैलांत लोकांसाठी गाणं-नाच ठेवायचा तर परवाना घ्या, आणि तो घेतल्याचं दारावर लिहा. एका परवाना कायद्याने ज्याचं तोंड बंद केलं, त्यानेच दुसऱ्या परवाना कायद्याला हातभार लावला!

त्या कायद्यातली वेळेची अट तर ऐकाच. किती वाजता बंद करायचं, ही त्यांची चिंता नव्हती. संध्याकाळी पाचच्या आत उघडायचं नाही, ही होती. भीती रात्रीची नव्हती, दिवसाची होती. कामावरची पोरं आणि नोकरचाकर भरदुपारी गाणं ऐकायला पळाले तर काम कोण करणार? सव्वाशे वर्षांनी, १८७५ मध्ये, ही वेळ दुपारी बारावर आली. दारूचे गुत्ते लवकर बंद करण्याची टूम खऱ्या अर्थाने आली ती पहिल्या महायुद्धात. सगळ्या देशाला बांधणारी ती बंदीची वेळ पुढे नव्वद वर्षं टिकली आणि नोव्हेंबर २००५ मध्ये नवा कायदा लागू झाला तेव्हा गेली. आता प्रत्येक दाराला स्वतःचं घड्याळ.

ते घड्याळ लावतं कोण? हरकत आली तर सुनावणी होते आणि निर्णय करतात तीन नगरसेवक. कौन्सिलची दहा ते पंधरा जणांची परवाना समिती असते, तिची ही तिघांची उपसमिती. म्हणजे एरवी कचऱ्याच्या गाड्या आणि खड्डे यांवर बोलणारी, मतं मागायला तुमच्या दारी येणारी माणसं. एका बाजूला अर्जदार, बहुधा बॅरिस्टर घेऊन आलेला. दुसऱ्या बाजूला झोपमोड झालेले रहिवासी, हातात डायरी: कुठल्या रात्री किती वाजता काय ऐकू आलं. नियम सांगतो की बोलायला सगळ्यांना सारखाच वेळ द्यायचा. बॅरिस्टरला दहा मिनिटं तर आजीबाईंनाही दहा.

तिघांनी तोलायच्या गोष्टी चारच: गुन्हे आणि दंगा रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं, मुलांचं रक्षण. ही यादी पुन्हा वाचा आणि काय नाही ते बघा. वारसा नाही! इमारत तीनशे वर्षांची आहे, तिच्या छतावर सोन्याचा वर्ख आहे, इथे अमुक गायिका गाऊन गेली, याला इथे स्वतंत्र वजन नाही. शेजारच्या फ्लॅटची किंमत पडेल, यालाही नाही. गावात अशा पाच जागा आहेत, सहावी कशाला, यालाही नाही. वय झालं म्हणून जुन्या वास्तूला सवलत मिळत नाही. मला हे आधी निष्ठुर वाटलं, पण विचार करता पटलं. रात्री दोनला जाग येणाऱ्या माणसाला छताची नक्षी काय कामाची?

आणि ‘उपद्रव’ म्हणजे किती डेसिबल? कायद्यात आकडाच नाही. २०११ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की परवान्याचा निर्णय म्हणजे एखादी वस्तुस्थिती शोधून काढणं नव्हे, परस्परविरोधी गोष्टी तोलणं आहे. आपल्याकडे नेमकं उलट. आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आकडे ठसठशीत आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा, गडचिरोलीपासून कुलाब्यापर्यंत एकच. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला सणासुदीसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच सूट. पहाटेच्या रागांपर्यंत रंगणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्री याच घड्याळाने आखडल्या. आपल्याकडे सगळ्यांना एक घड्याळ आणि एक आकडा. त्यांच्याकडे आकडा नाही आणि घड्याळं दारागणिक. कुठलं बरं? गवयाला विचाराल तर त्यांचं, त्याच्या शेजाऱ्याला विचाराल तर आपलं.

जुन्या वास्तूची खरी पंचाईत मात्र समितीपुढे होत नाही, भिंतीत होते. गणपतीची मिरवणूक अजून दोन गल्ल्या लांब असते तेव्हा तुम्हाला काय ऐकू येतं? झांज नाही. ढोल. असं का? झांजेच्या वरच्या स्वरातली एक लाट काही सेंटिमीटरची, ढोलाच्या खालच्या घुमाऱ्यातली एक लाट सहा-सात मीटरची. साधारण हिशेब असा की स्वर एक सप्तक खाली उतरला की भिंत त्याला सहा डेसिबलने कमी अडवते, म्हणजे चौपट ऊर्जा आरपार जाते. ते भरून काढायचं तर भिंतीचं वजन दुप्पट हवं. दोन सप्तकं खाली? चौपट वजन. गाण्याचे शब्द भिंतीतच विरतात आणि शेजाऱ्याच्या उशीपर्यंत पोचतो तो नुसता ठेका. म्हणून तर तो जास्त छळतो.

त्यातून जुनी इमारत म्हणजे एकेरी पातळ काचा आणि शतकभरात वाळून फटी पडलेल्या चौकटी. फट बोटभर असली तरी भिंतीची सगळी मेहनत फुकट. मग खिडक्या बदला की! तिथेच गंमत आहे. वारसा यादीतल्या वास्तूत तिच्या स्वरूपाला बाधा आणणारा कुठलाही फेरफार वेगळ्या संमतीवाचून केला तर तो फौजदारी गुन्हा आहे. आणि ती संमती देते कोण? तीच कौन्सिल! एक खातं म्हणतं, आवाज बाहेर येऊ देऊ नका. दुसरं खातं, बहुधा त्याच इमारतीतलं, म्हणतं, खिडकीला हात लावू नका.

या कात्रीतून माणसांनी काढलेल्या वाटा बघून मी थक्क होतो. जुन्या खिडकीला धक्का न लावता, आतल्या बाजूने वीतभर अंतर सोडून दुसरी काच बसवतात. उद्या काढली तर मूळ खिडकी जशीच्या तशी. दाराला दार जोडून मधे छोटी खोली करतात, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. ध्वनियंत्रणेला मर्यादक लावतात. वादकाने कितीही पेटून आवाज चढवला तरी ठरल्या पातळीवर तो तिथेच रोखला जातो. दाराबाहेरची बाब वेगळी. जुलै २००७ मध्ये इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागेत सिगारेट ओढायला बंदी आली आणि फुप्फुसांसाठी केलेल्या कायद्याने रात्रीच्या गप्पा रस्त्यावर आणून सोडल्या. म्हणून आता अटींत असतं: अमुक वाजल्यानंतर बाहेर एका वेळी इतकेच धूम्रपान करणारे, आणि रिकाम्या बाटल्या पिंपात ओतायच्या त्या सकाळीच.

शेजारीच नवा आला असेल तर? दीडशे वर्षांच्या नाट्यगृहाशेजारी परवा इमारत उठली, लोक राहायला आले आणि तक्रार केली. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने यावर एक साधा नियम नगररचनेत घातला आणि २०१८ मध्ये इंग्लंडनेही तो उचलला: जो नंतर आला, बंदोबस्त त्याने करायचा. बिल्डरने जाड काचा लावायच्या, नाट्यगृहाने गाणं बंद करायचं नाही. ऐकायला किती उघड! पण हा नियम आहे बांधकाम परवानगीपुरता. तक्रार करण्याचा शेजाऱ्याचा हक्क त्याने जात नाही.

रात्रीच्या परवान्याला सहसा मुदत नसते, पण तक्रार आली तर तो कधीही पुन्हा तिघांपुढे ओढता येतो. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजारासमोर एका जुन्या शीतगृहात १९९९ पासून फॅब्रिक नावाचा क्लब चालत होता. २०१६ च्या उन्हाळ्यात अमली पदार्थ घेतलेली अठरा वर्षांची दोन मुलं काही आठवड्यांच्या अंतराने दगावली. पोलिसांनी फेरविचार मागितला. सप्टेंबरमधली ती सुनावणी मध्यरात्र उलटून गेली तरी चालली होती, आणि इझलिंग्टनच्या समितीने परवाना रद्द केला. क्लबने अपील केलं, पण निकालापर्यंत गोष्ट गेलीच नाही. नोव्हेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी समझोता लिहून न्यायालयापुढे ठेवला आणि जानेवारी २०१७ मध्ये क्लब पुन्हा उघडला. आठवड्याअखेरच्या रात्री १९ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, दारात ओळखपत्र यंत्राने तपासायचं, आत उजेड आणि कॅमेरे वाढवायचे, अमली पदार्थ विकताना सापडेल त्याला जन्मभर बंदी. यातलं वयाचं कलम देशाच्या कायद्यात शोधाल तर सापडणार नाही. तिथे दारूसाठी अठराच पुरेशी आहेत. एकोणीस वर्षं, ती फक्त त्या एका पत्त्यासाठी.