सेकंड-हँड स्पोर्ट्स कार घ्यायची का? माझा १८ सकाळींचा हिशेब

ऐकायचं असेल तर वर प्लेचं बटण आहेच. लोकलमध्ये रेंज जाते म्हणून वाचायचं असेल, तर आजचा भाग खाली लिहून काढलाय. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे कापलेत.

तर झालं असं, की मागच्या दिवाळीनंतर मी एका गाडीचं ५१ हजारांचं टोकन द्यायला निघालो होतो. दोन दारांची जर्मन कूपे, २०१३ ची, २ लिटर टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, ६४ हजार किलोमीटर. मागणी १७ लाख. मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा ब्रँडवर जाते आणि मूळ प्रश्न राहून जातो.

माझं वय २८. साडेपाच वर्षं कोड लिहून साठवलेले पैसे १९ लाख. म्हणजे गाडी घेतली असती तर खात्यात २ लाख उरले असते. घरी आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अरे, दोनच माणसं बसतात त्यात?" मागे सीट आहे, असं मी तिला सांगितलं. त्या सीटवर फक्त लॅपटॉपची बॅग मावते, हे सांगितलं नाही.

गाडी स्वस्त होते, तिचे पार्ट्स नाहीत

आधी हा मुद्दा, कारण मी इथेच फसणार होतो. नवी असताना ५० लाखांच्या घरात असलेली गाडी १७ लाखांत मिळते, तेव्हा डोकं म्हणतं, "१७ लाखांत तर आजकाल मधली एसयूव्हीसुद्धा येत नाही!" तुलना चुकते ती तिथेच. घसरलेली असते ती गाडीची किंमत. ब्रेक डिस्क, गिअरबॉक्सचं तेल, सस्पेन्शनचे बुश हे सगळं अजूनही ५० लाखांच्या गाडीचंच असतं. कंपनी १२ वर्षं जुन्या गाडीसाठी हेडलाइट अर्ध्या भावात देत नाही.

आणि स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारंच असं नाही, बरं का. २०२० मध्ये भारतात स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या आणल्या होत्या. पळायला ती दणकट, पण तिचे बरेच सुटे भाग साध्या ऑक्टाव्हियासारखेच. जी गाडी साध्या गाडीची चुलत बहीण आहे, तिचं गॅरेज शोधणं सोपं. जी मुळातच वेगळी बनवली आहे, तिच्या एका दरवाजाच्या काचेसाठी दोन महिने थांबावं लागू शकतं.

बाबा, बोनेट आणि स्कॅनर

माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, साताऱ्याला. रिटायर होऊन चार वर्षं झाली. त्यांना म्हटलं, "बाबा, एक गाडी बघायला याल का?" शनिवारी सकाळच्या गाडीने आले. बाणेरला एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये ती उभी होती. काय दिसत होती, सांगू! मी चारी बाजूंनी फोटो काढत होतो, आणि बाबांनी पहिलं काम काय केलं, तर बोनेटवर हात ठेवला.

"गरम आहे," ते म्हणाले.

विकणाऱ्याने आम्ही यायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलं होतं. यात वाईट हेतू असेलच असं नाही. पण थंड इंजिन सुरू होताना जे आवाज करतं, ते गरम इंजिन करत नाही. टायमिंग चेन सैल झाली असेल किंवा तिचा टेन्शनर थकला असेल, तर पहिले एक-दोन सेकंद खडखड ऐकू येते. तेलाचा दाब आला की आवाज गायब. म्हणून नियम क्रमांक एक: भेट ठरवतानाच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका."

माझ्याकडे बाराशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर होता. हे माझं क्षेत्र! सॉकेटमध्ये लावला, फोनवर बघितलं, एकही एरर कोड नाही. मी खूश. मग दुसरी स्क्रीन उघडली, रेडिनेस मॉनिटर. गाडीचा कॉम्प्युटर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या चाचण्या स्वतः चालवत असतो, आणि त्या पूर्ण झाल्या की 'तयार' असं दाखवतो. कोणी एरर कोड पुसले, की या चाचण्याही शून्यावर येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉग क्लिअर केला, पण क्लिअर केल्याची वेळ मागे राहिली. या गाडीत बहुतेक मॉनिटर अपूर्ण होते.

मी विचारलं. तो म्हणाला, "गेल्याच आठवड्यात बॅटरी बदलली." बॅटरी खरंच नवी होती, आणि बॅटरी काढली तरीही मॉनिटर शून्यावर येऊ शकतात. म्हणजे तो खरंही बोलत असेल. मग मी म्हटलं, दोन-चार दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, मॉनिटर पूर्ण होऊ द्या, मग सकाळी थंड इंजिनवर पुन्हा बघतो. तो म्हणाला, दुसरा गिऱ्हाईक उद्या टोकन घेऊन येतोय.

टायरवर चार आकडी कोड असतो, तोही बघा. २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. या गाडीचे टायर दिसायला नवे, नक्षी भरपूर, पण वय सात वर्षं. कमी चालवलेल्या गाडीत असंच होतं. रबर झिजत नाही, पण कडक होतं, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की ते कळतं.

कागदपत्रं, पटापट

हा भाग कंटाळवाणा आहे, पण ऐका.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधी संपतो, हे दिसतं. चलनं वेगळी तपासा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. दिल्लीची गाडी स्वस्त का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. तिकडे पेट्रोल गाड्यांवर १५ वर्षांच्या मर्यादेची टांगती तलवार आहे, ते उरलेलं अर्धं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१३ ची गाडी म्हणजे २०२८ मध्ये फिटनेस तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर.

विम्यात थर्ड पार्टीचा दर सरकारी असतो. २०२२ च्या दरपत्रकात १५०० सीसीच्या वरच्या गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये. पण स्वतःच्या गाडीचं नुकसान धरलं की आकडा फुगतो, आणि जुन्या गाडीला झिरो डेप सहसा मिळत नाही. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्या माणसाचा असतो, गाडीचा नाही.

आता हिशेब

त्या रात्री स्प्रेडशीट उघडली. दोन गॅरेजमधून विचारलेले दर टाकले. विमा ५५ हजार, चार टायर ६८, पुढच्या डिस्क आणि पॅड ४६, गिअरबॉक्स तेल आणि फिल्टर २४, इंजिन सर्व्हिस २२. बेरीज २ लाख १५ हजार. टायमिंग चेन करावीच लागली तर वर सव्वा लाख, तो मी धरलाच नाही. १७ लाख मुदत ठेवीत राहिले असते तर ७ टक्क्यांनी १ लाख १९ हजार मिळाले असते, ते गेले. गाडीची किंमत वर्षाला दीड लाखाने उतरेल असं धरलं. एकूण ४ लाख ८४ हजार.

मग खरा प्रश्न: मी चालवणार किती?

वर्षात ५२ वीकेंड. पावसाळ्याचे १७ वजा, कारण ताम्हिणीत जून ते सप्टेंबर धुकं, दरडी आणि गर्दी. आणि एवढ्या खाली बसलेल्या गाडीत साचलेल्या पाण्यातून जाणं म्हणजे इंजिनात पाणी ओढून घ्यायचा धोका. उरले ३५. चार आठवड्यांतून एकदा माझा ऑन-कॉल असतो, ९ गेले. साताऱ्याला जाणं, लग्नं, मुंज, मित्राचं घर शिफ्टिंग, ८ गेले. उरले १८.

४ लाख ८४ हजार भागिले १८. एका सकाळीचे २६,८८९ रुपये. शिवाय पेट्रोल. अशा टर्बो इंजिनांना साधारण ९५ ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, आणि आपलं साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ चं होतं. म्हणून मी महागडं प्रीमियम धरलं. २५० किलोमीटरच्या फेरीला सुमारे ३ हजार. एक सकाळ, ३० हजार.

दुसऱ्या वर्षी टायर-ब्रेक नसतील, हे मान्य. पण १२ वर्षांच्या गाडीत दुसरं काहीतरी असतंच.

आता कोणी म्हणेल, आनंदाचा असा हिशेब करतात का? मलाही तेच वाटलं. ३० हजार जास्त आहेत असं मी म्हणत नाही. ज्याला परवडतात त्याने खुशाल घालवावेत, गाणं शिकण्यावर घालवा नाहीतर घाटावर. पण माझ्या खात्यात २ लाख उरले असते, आणि एका गिअरबॉक्सने ते संपवले असते. मग ती गाडी बेसमेंटमध्ये कव्हरखाली उभी राहिली असती, आणि मी दर रविवारी तिच्याकडे बघून हप्ता नसलेलं कर्ज फेडत बसलो असतो.

परत जाताना स्वारगेटला बाबा म्हणाले, "गाडी वाईट नाही. पण तिला रोज बघणारा माणूस पाहिजे. तुला रोज वेळ आहे का?" एसटीत प्रत्येक बस रात्री डेपोत कोणीतरी बघतं. मी काही बोललो नाही.

टोकन दिलं नाही. चौथ्या दिवशी गाडी विकली गेली. खोटं का बोलू, वाईट वाटलं. अजूनही फोटो डिलीट केलेले नाहीत.

मग मी काय करतोय

एक चाचणी. गाडी घेतलीच आहे असं समजून सहा महिने जगायचं. दर महिन्याला २० हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, तो दुरुस्तीचा फंड. आणि दर मोकळ्या रविवारी पहाटे साडेपाचला माझी जुनी हॅचबॅक काढून खरंच घाटात जायचं. सहा महिन्यांत ९ सकाळी झाल्या, म्हणजे वर्षाच्या १८ चा वेग जमला, आणि फंडाला हात लागला नाही, तर पुन्हा शोध सुरू. तेव्हाही बजेट बचतीच्या निम्म्यापर्यंतच. नाही झालं, तर मला गाडी नको होती, गाडी असलेला माणूस व्हायचं होतं, एवढं तरी कळेल.

तीन महिने झालेत. सकाळी झाल्या पाच. त्यातली एक पसरणीच्या घाटातली, बाबा शेजारी बसलेले. वळणावर मी गिअर उशिरा टाकला तर म्हणाले, "आधी हीच नीट चालव."

तुम्हीही असाच काही विचार करत असाल तर आधी तुमचे वीकेंड मोजा, मग गाडीचे किलोमीटर. चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, बोनेटवर हात ठेवायला विसरू नका!