नैराश्याची तपासणी घरच्या घरी



हरभऱ्याच्या एक मीटर ओळीत एक-दोन घाटे अळ्या आढळल्या की उपाय योजावा, हे आपणांस ठाऊक आहे. नैराश्य या आजारासाठीही अशी पातळी ठरलेली आहे. कांद्याचा भाव कोसळला किंवा कालव्याचे आवर्तन लांबले, तर शिरूर-दौंडमध्ये कोणाचेही मन खट्टू होणार. तो आजार नव्हे. दोन आठवडे मन वर येत नसेल, तर मात्र मोजून पाहावे.

त्यासाठी डॉक्टर 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटली नाही का? उदास, हताश वाटले का? झोप बिघडली का? थकवा, भूक कमी-जास्त होणे, स्वतःला अपयशी समजणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थपणे येरझारा घालणे, आणि शेवटी, मेलेले बरे असे वाटणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येणे. प्रत्येकास गुण द्यावेत : मुळीच नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून अधिक दिवस २, जवळजवळ रोज ३.

येथे एक खबरदारी घ्यावी. रात्रीच्या विजेवर दारे धरण्यासाठी झालेले जागरण झोपेच्या प्रश्नात धरू नये. अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही किंवा पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप येत नाही, ते धरावे. कांदा काढणीत सर्वच थकतात. विसाव्यानंतरही अंग उचलत नसेल तर तो थकवा मोजावा. मेळाव्यात 'उदास वाटते का?' असे विचारले की पुरुष मंडळी नकार देतात. 'झोप लागते का?' म्हटले की बोलू लागतात. म्हणून घरच्यांनी झोपेपासून सुरुवात करावी.

बेरीज ५ ते ९ आल्यास दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे. १० किंवा अधिक आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. बेरीज म्हणजे निदान नव्हे. रक्तक्षय व थायरॉईडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात. औषध सुरू झाल्यास गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ते सोडू नये.

अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी हे काम केले. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते नंतर २७.२ टक्के झाले.

नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बेरजेची वाट पाहू नये. त्याच दिवशी घरात सांगावे आणि 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू असून मोफत आहे, ती दिवसरात्र चालते व मराठीतही बोलता येते. त्या माणसाला एकटे सोडू नये. कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याजवळ द्यावी.