ताडपत्रीखाली काय चाललंय?

समजा, जयपूरच्या बनी पार्कमधल्या एका जुन्या घराच्या मागच्या शेडमध्ये तुम्ही उभे आहात. समोरची ताडपत्री ओढता, धुळीचा लोट उठतो आणि खालून दोन गोल दिवे तुमच्याकडे टकामका बघू लागतात. डुक्कर फियाट! मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९५४ च्या सुमाराला तयार होऊ लागलेली फियाट ११००. घरातली माणसं सांगतात, "वीस वर्षं नुसती उभी आहे हो."

नुसती? छे! या वीस वर्षांत तिच्यात अखंड काम चालू होतं. लोखंड, रबर, पेट्रोल, जो तो आपापल्या चालीनं बदलत होता. गाडी पुन्हा उभी करायची तर आधी हे बदल वाचता यायला हवेत. म्हणून पहिला नियम: बॅटरी लावून स्टार्टर मारायचा नाही. अजून तर अजिबात नाही!

त्याऐवजी गाडीखाली आडवे व्हा आणि फरशीचा पत्रा टोचून बघा. या गाडीला शिडीसारखी वेगळी चासी नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे, जसं अंड्याचं कवच. फरशी आणि दाराखालच्या पट्ट्या सडल्या असतील तर गाडीचा कणाच गेला म्हणायचा. मुंबईतल्या गाडीत स्क्रूड्रायव्हर इथे अनेकदा आरपार जातो. जयपूरच्या गाडीत मात्र पुष्कळदा 'टण्ण' असा आवाज येतो.

असं का? गंजाला लोखंड आणि प्राणवायू पुरत नाहीत, पाणीही लागतं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि त्या पापुद्र्यात गंजाचा कारखाना सुरू होतो. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, शिवाय हवेतलं मीठ ओलावा ओढून धरतं. जयपूरचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक तीन महिन्यांत उरकतो. बाकीचे महिने हवा कोरडी ठणठणीत. गंज तिथे जवळपास उपाशीच असतो.

पण आता दाराच्या कडेचं रबर चिमटीत धरा. पापडासारखा तुकडा हातात येतो! ज्या हवेनं लोखंड राखलं तिनंच रबर खाल्लं. नैसर्गिक रबर म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. हवेतला ओझोन वायू त्या साखळ्यांच्या ठरावीक कड्या कातरतो, ऊन आणि उष्णता त्याला हात देतात. टायरच्या बाजूला पडलेल्या बारीक चिरा नीट पाहा. जिथे रबर ताणलेलं असतं तिथेच, ताणाला आडव्या, त्या फाकतात. वरून टायर कितीही जाड दिसो, त्यावर रस्त्यावर जायचं नाही. ब्रेकचे पाइप आणि रबरी वॉशर तर डोळे मिटून नवे.

आता इंजिन. चार सिलेंडर, १०८९ सीसी. पिस्टन आणि सिलेंडरची भिंत यांच्यात फट किती? मिलिमीटरचे काही शतांश, केसाच्या जाडीएवढी. वीस वर्षांत पिस्टनच्या रिंगांपाशी जरासा गंज धरला, तरी इंजिन जाम. अशा वेळी स्टार्टर मारला तर रिंगा तुटतात, भिंतींवर ओरखडे येतात.

त्यावर उपाय देवघरात दिसतो. समईची वात तेल वर कसं ओढते? फट जितकी अरुंद, तितकं तेल जास्त आत शिरतं. हीच केशाकर्षणाची शक्ती इथे कामाला लावायची. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात जाम सोडवणारं पातळ तेल ओता आणि गप्प बसा. एक दिवस, चार दिवस, आठवडा. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही तेल कणाकणानं आत सरकत असतं.

तोवर कार्ब्युरेटर उघडा. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण असतं. हलके द्रव उडून जातात, उरलेले हवेशी संयोग पावून डिंकासारखे चिकट होतात. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचं भोक टाचणीच्या टोकाएवढं, त्याला हा डिंक बूच मारतो. आणि या यंत्राची गंमत पाहा! ना संगणक, ना सेन्सर. इंजिन श्वास ओढतं, हवा एका अरुंद गळ्यातून वेगानं जाते, वेग वाढला की तिचा दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबानं पेट्रोल आपणहून फवाऱ्यासारखं वर येतं.

लहान भागांचा गंज काढायला तर बादली पुरते. पाण्यात धुण्याचा सोडा घाला. गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडा आणि साध्या लोखंडाचं भंगार धन टोकाला. स्टेनलेस स्टील मात्र वापरायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. दोन्ही तुकडे एकमेकांना लागू देऊ नका. वीज सुरू करताच गंजक्या भागावर बारीक बुडबुडे धरतात. तो हायड्रोजन, म्हणून बादली उघड्यावर ठेवायची आणि जवळ ठिणगी नको. हळूहळू गंजाचे पापुद्रे सैल होतात, काहींचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं आणि ब्रशनं घासलं की निखळतात. आतलं निरोगी लोखंड जसंच्या तसं!

पत्र्याची कला समजायची असेल तर जयपूरच्या सिटी पॅलेसमधले चांदीचे अजस्र गंगाजली घडे पाहून या. जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह यांनी १९०२ मध्ये त्यांतून गंगाजल इंग्लंडला नेलं होतं. चांदीची नाणी वितळवून केलेले, प्रत्येकी ३४५ किलोचे, आणि कुठे डाग दिलेला नाही. ठोकताना धातू ताणला जातो आणि कडक होतो, तापवला की पुन्हा मऊ पडतो. पोचा काढणारा डेंटर याच नियमावर जगतो. पत्रा ताणून फुगला असेल तर तो नाण्याएवढी जागा लाल करतो आणि ओल्या फडक्यानं थंड करतो. तापलेल्या जागेला पसरायचं असतं, पण भोवतालचा गार पत्रा पसरू देत नाही. मग ती तिथल्या तिथे जाड होते आणि निवताना आकसते. लोखंडाला चक्क चुणी पडते!

हे सगळं करण्याआधी मात्र फोटो. प्रत्येक नट सोडण्यापूर्वी एक, सोडल्यावर एक. नट डब्यांत, डब्यांवर चिठ्ठ्या. मूळ रूप जपण्याला कायद्यातही मोल आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर मिळू शकतो. तो घेतल्यावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, पण प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता येते. जयपूरमध्ये राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबची विंटेज गाड्यांची रॅली भरते. तिथे जुन्या गाडीवाल्यांशी बोला. सुट्या भागांसाठी आपली मुंबई आहेच. काळीपिवळी टॅक्सी म्हणून धावलेली पद्मिनी याच घराण्यातली, तिचंही इंजिन १०८९ सीसीचं.

आता आठवडा झालाय. बॅटरी नाही, पेट्रोल नाही. इंजिनात ताजं ऑइल भरा, चौथा गिअर टाका आणि दोघातिघांना गाडी मागून हलकेच रेटायला सांगा. तुम्ही प्लगच्या एका भोकावर अंगठा दाबून धरा. आधी काहीच होत नाही. पुन्हा रेटा. गाडी वीतभर सरकते, आत कुठेतरी काहीतरी सुटतं, आणि 'फस्स' करत तेलकट हवा तुमचा अंगठा उडवून देते.

वीस वर्षांनी पिस्टन वर आला!