दहा हजार वर्षांतला वक्ता!

बालदोस्तांनो, गोष्ट फुगवून सांगणारा एखादा मित्र तुमच्या वर्गात असेलच. आचार्य अत्रे तर अशा सगळ्यांचे गुरू! ‘गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते आलं की सभेत हशा पिकायचा. आपल्या खंडाळ्यात त्यांचा बंगला होता, म्हणजे ते आपले शेजारीच की!

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत गावी झाला. ते मूळचे शिक्षक. पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. मुलांना धडे गोड वाटावेत म्हणून त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ काढली. नाटकं लिहिली. त्यांच्या ‘श्यामची आई’ला चित्रपटांचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं.

मग आलं १९५६ साल. मराठी माणसाला मुंबईसह स्वतःचं राज्य हवं होतं. मिळालं ते मराठी-गुजराती असं द्विभाषिक राज्य. अत्र्यांनी १५ नोव्हेंबरला ‘मराठा’ दैनिक सुरू केलं. पेपरात अग्रलेख आणि मैदानात भाषणं! शेतकरी, गिरणी कामगार, विद्यार्थी सगळे ऐकायला गर्दी करत. कारण अत्रे पुस्तकी बोलत नसत, घरातल्यासारखं बोलत. आधी हसवत आणि लोक हसत असतानाच मुद्दा काळजात उतरवत.

या लढ्यात शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले. १९५७ साली अत्रे आमदार झाले. नव्या राज्याला ‘महाराष्ट्र’ हेच नाव हवं, असा त्यांचा आग्रह होता. १ मे १९६० रोजी त्याच नावाचं राज्य जन्माला आलं.

अत्र्यांची जीभ मात्र तिखट. विरोधकांना ते लागेल असंही बोलत. तेवढं आपण गिरवायचं नाही हं! गिरवायचं ते पुढचं. लढ्यात त्यांनी पंडित नेहरूंवर कडाडून टीका केली होती. पण १९६४ साली नेहरू गेले, तेव्हा याच अत्र्यांनी ‘सूर्यास्त’ लिहून त्यांचा मनापासून गौरव केला. भांडण मुद्द्याशी होतं, माणसाशी नव्हतं.

१३ जून १९६९ रोजी हा आवाज थांबला. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, ‘तुम्ही अत्र्यांचं भाषण ऐकलं होतं का?’ आणि वक्तृत्व स्पर्धेत उभे राहाल, तेव्हा पाठ केलेलं घडाघडा म्हणू नका. समोरच्याशी बोला!