नराला वडील नाहीत, आजोबा आहेत!

एक कोडे सोडवा पाहू. असा कोणता प्राणी, की ज्याला आजोबा असतात पण वडील नसतात? ज्याला नातू होतो पण मुलगा कधीच होत नाही? उत्तर फार लांब शोधायला नको. आपल्याकडे झाडाच्या ढोलीत राहणारी आणि महाबळेश्वरच्या परिसरात लाकडी पेट्यांत पाळली जाणारी सातेरी मधमाशी तुम्हांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या पोळ्यातला नर हेच ते उत्तर.

पोळ्यात एक राणी, हजारो कामकरी माश्या आणि हंगामात काहीशे नर असतात. राणी आणि कामकरी या दोन्ही माद्याच. अळी असताना मिळालेल्या आहारामुळे एखादी राणी होते, बाकीच्या कामकरी. तो विषय वेगळा. आज आपल्याला नराविषयी बोलायचे आहे.

तरुणपणी थोडेच दिवस राणी मीलनासाठी बाहेर उडते. हवेत उडता उडताच दहा-वीस नरांशी तिचे मीलन होते, आणि तो प्रत्येक नर लगेच मरून पडतो. त्यांच्या शुक्रपेशी राणी पोटातल्या एका चिमुकल्या पिशवीत साठवते. ही शिदोरी तिला जन्मभर पुरते! अंडे घालण्यापूर्वी ती पोळ्याच्या षटकोनी घरात डोकावते आणि पुढच्या पायांनी त्याची रुंदी मापते. घर अरुंद असेल तर अंड्यावर थोड्या शुक्रपेशी सोडते. त्यातून मादी निपजते. घर रुंद असेल तर शुक्रपेशी सोडतच नाही. तरीही ते अंडे वाया जात नाही. त्यातून नर जन्मतो.

हे प्रथम ओळखले ते सायलेशियातील योहान झिअरझोन या धर्मगुरूने. सायलेशियाचा तो भाग तेव्हा प्रशियात होता, आज पोलंडमध्ये आहे. झिअरझोनने 1845 साली हा विचार मांडला, तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. बापाशिवाय संतती? पण पुढे त्याने इटलीतील पिवळसर माश्या आणल्या, आणि त्यांच्या राण्यांचा संकर गडद रंगाच्या जर्मन नरांशी घडू दिला. मुली झाल्या मिश्र रंगाच्या, मुलगे मात्र अस्सल इटालियन! वडिलांचा लवलेशही त्यांच्यात नव्हता. मेंडेलचे वाटाण्यावरचे निष्कर्ष तेव्हा प्रसिद्धही व्हायचे होते, हे लक्षात घ्या. फलनाशिवाय होणाऱ्या अशा जननाला अनिषेकजनन म्हणतात.

आज आपण हीच गोष्ट गुणसूत्रांच्या भाषेत सांगतो. मादीत 32 गुणसूत्रे, 16 आईची आणि 16 वडिलांची. नरात 16च, सगळी आईची. आता नराची वंशावळ वहीत मांडून पाहा. आई एक, आजी-आजोबा दोन, त्यांच्या मागे तीन, मग पाच, मग आठ. या आकड्यांची गंमत तुमच्या गणिताच्या शिक्षकांना जरूर विचारा.

इथवर सारे सरळ वाटते: 16 असली की नर, 32 असली की मादी. पण मधमाश्या पाळणाऱ्यांना एक गोष्ट छळत होती. काही पेट्यांत राणी तरुण असे, चाराही भरपूर असे, आणि तरीही पिलाव्याच्या पोळ्याची चाळणी झालेली दिसे. भरलेल्या घरांमध्ये जागोजाग रिकामी घरे. अशा पेटीत कामकरी कमी निपजतात आणि अर्थातच मधही कमी येतो. जवळच्या नात्यातल्या माश्यांच्या संकरात हे हटकून घडे. अंडी मरतात, असेच बराच काळ समजले जाई.

पोलंडच्या येझी व्होइके यांनी 1963 साली दाखवून दिले की अंडी मरत नाहीत. त्यांतून अळ्या बाहेर पडतात, आणि काही तासांतच कामकरी माश्या त्यांना खाऊन टाकतात! व्होइके यांनी अशा अळ्या पेटीबाहेर उबवल्या आणि हाताने भरवून वाढवल्या. काय निघाले? नर. 32 गुणसूत्रे असूनही नर!

म्हणजे निकाल गुणसूत्रांच्या संख्येवर लागत नाही. तो लागतो एका जनुकावर. हे जनुक मार्टिन बाये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली शोधून काढले. त्याला सीएसडी म्हणतात. या जनुकाची अनेक रूपे आहेत. त्यांना आपण रंगांची नावे देऊ. अंड्यात आईकडून लाल आणि वडिलांकडून निळे रूप आले, म्हणजे दोन वेगळी रूपे भेटली, तर मादी. एकच रूप असेल तर नर. आणि दोन्ही लाल आले तर? जनुकाच्या दृष्टीने ते एकट्या लालसारखेच. नरच होणार, आणि तोही कामकरी माश्यांच्या तोंडी जाणारा.

आता हिशेब करू. लाल-निळ्या राणीला लाल नर भेटला, तर त्याच्यापासून फलित झालेली निम्मी अंडी फुकट. नात्यातला नर असा जुळण्याचा धोका अर्थातच मोठा. राणी एकाच नरावर विसंबती, तर अर्धे पोळे ओस पडण्याची पाळी आली असती. अनेक नरांमुळे हा धोका वाटला जातो. म्हणूनच एकाच राणीच्या लेकींवर सगळ्या पेट्या चालवणे मधपाळाला महागात पडते. अधूनमधून बाहेरची वसाहत आणावी लागते.

सगळी रूपे सारख्या प्रमाणात असतील, तर जितकी रूपे, तितका भाग वाया, असा सोपा नियम निघतो. शंभर रूपे, तर शंभरातले एक अंडे. सात, तर सातातले एक.

सात हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. आपली सातेरी ज्या जातीची, त्याच आशियाई जातीच्या माश्या 2007 साली ऑस्ट्रेलियातील केर्न्स बंदरात एका बोटीच्या डोलकाठीत सापडल्या. समुद्र ओलांडून आलेल्या या मूठभर माश्यांकडे सीएसडीची अवघी सात रूपे होती, आणि तीही विषम वाटलेली. नियमाने त्यांचा वंश खंगायला हवा होता. पण ज्याच्याकडे दुर्मीळ रूप, त्याची जुळणी क्वचित. त्यामुळे त्याची संतती अधिक जगे. काही वर्षांतच दुर्मीळ रूपे वाढली, बोकाळलेली रूपे मागे हटली, आणि त्या सात रूपांच्या बळावर या माश्या केर्न्सच्या आसपासच्या प्रदेशात पसरल्या. तिथे त्या आजही आहेत.