विलायती दुकानात खादी

मराठवाड्यातलं आपलं हदगाव निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मोठ्या शहरांत ‘व्हाइटअवे, लेडलॉ’चा दबदबा होता. स्कॉटिश व्यापारी रॉबर्ट लेडलॉ यांनी 1882 मध्ये कलकत्त्यात काढलेली ही पेढी. कपडे, बूट, भांडी, फर्निचर एकाच छताखाली, आणि लांबच्या गिऱ्हाइकांना टपालाने. उधारी मात्र बंद! साहेबलोकांना उधारीचीच सवय, म्हणून त्यांनी दुकानाला ‘राइटअवे अँड पेडफॉर’ असं चिडवायला सुरुवात केली. शाखा रंगून, सिंगापूर, शांघायपर्यंत गेल्या. लेडलॉ पुढे ब्रिटिश संसदेत निवडून आले, ‘सर’ही झाले.

साहेब गेले, तसं मुख्य गिऱ्हाईकच गेलं. 1962 मध्ये कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. मुंबईत दादाभाई नौरोजी रोडवरच्या ज्या इमारतीत तिचं दुकान होतं, तिथे खादी भांडार थाटलं. असा सूड इतिहासालाच सुचावा.

पण काळ बदलला की गिऱ्हाईकही बदलतं; खादीचं तरी काय वेगळं? तिरंग्याचं कापड विणणारं उदगीर आणि झेंडे तयार करणारं नांदेड ही आपल्याच भागातली केंद्रं. पण 30 डिसेंबर 2021 च्या ध्वजसंहितेतील बदलाने यंत्रावरच्या पॉलिस्टर झेंड्यांनाही परवानगी मिळाली आणि खादीचा झेंडा महाग वाटू लागला.