हवेच्या गाडीत पाण्याचे इंजिन



घाट चढताना मध्येच थांबलेली, बॉनेट उघडे टाकून वाफा सोडणारी मोटार आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी पुष्कळदा पाहिली असेल. ‘गाडी तापली’ असे आपण म्हणतो आणि बादलीभर पाणी मिळाले की प्रश्न सुटला असे समजतो. वस्तुतः प्रश्न पाण्याचा नसतो, उष्णतेच्या वाटेचा असतो. ही वाट समजून घेण्यास एक उदाहरण फार सोयीचे आहे. मुळात हवेने थंड होणाऱ्या जुन्या मोटारीत पाण्याने थंड होणारे नवे इंजिन बसवण्याची हौस युरोप-अमेरिकेत अनेकांना आहे. या हौसेत कोठे ठेच लागते, ते आज आपण पाहू.

प्रथम हिशेब मांडू. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला तिसरा भाग इंजिनाच्या अंगातून बाहेर काढावा लागतो. म्हणजे इंजिन जितकी शक्ती देते, जवळजवळ तितकीच उष्णता दर क्षणी बाहेर टाकावी लागते. ती बाहेर गेली नाही, तर इंजिन स्वतःलाच जाळून घेते.

जर्मनीतील फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेल्या फोक्सवॅगन बीटल मोटारीत हे काम हवेवर सोपवले होते. इंजिन मागे, चार सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे, वर एक मोठा पंखा, आणि वारा नेमका सिलिंडरांवरून फिरावा म्हणून पत्र्याचे आच्छादन. रेडिएटर नाही, पाणी नाही. त्यामुळे पाणी गोठण्याची भीतीही नाही. २००३ साली मेक्सिकोत या गाडीचे उत्पादन थांबले, तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

अशा गाडीत हौशी लोक पुष्कळदा जपानच्या सुबारू कंपनीचे इंजिन बसवतात. तेही चार सिलिंडरांचे व आडवेच. मध्ये एक जोडपट्टी घातली की जुन्या गियरबॉक्सला जोडता येते. बीटलच्या १६०० सी.सी. इंजिनाची शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आसपास; सुबारूच्या २.२ लिटर इंजिनाची सुमारे १३०. इंजिन बसले, आवाज गोड आला, मालक आनंदला. परंतु शक्ती अडीचपट झाली, तशी उष्णताही वाढली, हे तो विसरतो. पूर्ण जोर लावला असता १३० अश्वशक्तीच्या इंजिनातून पाण्यात सुमारे ९५ किलोवॅट उष्णता उतरते. आपल्या न्हाणीघरातील दोन किलोवॅटचे पंचेचाळीसएक गिझर एकदम चालू केले, अशी कल्पना करा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. ते केवळ हमाल आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते सुमारे साडेतीन हजार पट अधिक उष्णता उचलते, म्हणून हमाल उत्तम; पण ओझे शेवटी उतरवावयाचे ते हवेतच. तेव्हा पाण्याचे इंजिन म्हणजेसुद्धा अखेर हवेनेच थंड होणारे इंजिन होय. फरक इतकाच, की हवेची आणि उष्णतेची गाठ आता रेडिएटरात पडते.

मग रेडिएटर कोठे ठेवावा? मागे, इंजिनाजवळ ठेवला तर नळ्या आखूड पुरतात, पण तेथे ताजा वारा मिळत नाही. खुद्द फोक्सवॅगनने १९८२ साली आपल्या व्हॅनचे मागचे इंजिन पाण्याचे केले, तेव्हा रेडिएटर गाडीच्या तोंडाशी नेला. ब्राझीलमधील कोम्बीचे इंजिन २००५ च्या अखेरीस पाण्याचे झाले, तेव्हाही तेच करावे लागले. मात्र वारा आत येऊन भागत नाही, त्याला बाहेर पडण्यासही वाट हवी. मागची वाट बंद असेल तर वारा रेडिएटरला वळसा घालून निघून जातो. म्हणून कडेच्या फटी बुजवाव्या, मागे मोकळी वाट ठेवावी आणि गाडी उभी असताना वारा ओढण्यास विजेचा पंखा बसवावा.

रेडिएटर पुढे गेला की नळ्या गाडीच्या पोटाखालून लांबवर जातात, आणि मग हवा आपला दुसरा अवतार दाखवते. बाहेर जी मित्र, ती नळीच्या आत शत्रू. उंचवट्याच्या जागी बुडबुडा अडकला की पाण्याचा प्रवाह मंदावतो किंवा तुटतो. त्यासाठी पाण्याची टाकी सर्वांत उंच ठेवावी, रेडिएटरच्या माथ्याशी हवा सोडण्याचा स्क्रू असावा आणि पाणी भरताना गाडीचे तोंड उचलून धरावे.

थर्मोस्टॅटची गंमत आणखी निराळी. सुबारूच्या या इंजिनात तो पाणी पंपाकडे परत येते त्या तोंडाशी असतो. हीटरमधून फिरून आलेले गरम पाणी त्याला लागते, तेव्हा तो उघडतो. बीटलमध्ये पाण्याचा हीटर नसतो; म्हणून मिस्त्री त्या दोन तोंडांना बूच मारतो. झाले! थर्मोस्टॅटला इंजिनातील ताप कळत नाही, तो उघडत नाही, आणि इंजिन उकळत असताना रेडिएटर गारच राहतो. उपाय अगदी साधा: ती दोन तोंडे नळीने एकमेकांस जोडणे. पण कित्येक जण थर्मोस्टॅटच काढून फेकतात. ते चुकीचे आहे. इंजिन फार थंड राहिले तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरवरचे तेल धुऊन टाकते व झीज वाढते. इंजिनाला ताप नको, तसा गारठाही नको.

आता दुखणे ओळखावे कसे? गर्दीत गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा पाहावा. उलट वेगात तापते, तर रेडिएटर अपुरा आहे किंवा वाऱ्याची वाट अडली आहे. काटा वरखाली नाचतो, तर आत हवा आहे. थंड इंजिन सुरू करताच नळ्या ताठ होतात, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. आणि पाणी गळून गेले असेल तर काट्यावर विसंबू नये. संवेदक कोरडा पडला की तो खोटा दिलासा देतो.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते. वातावरणाच्या दाबावर आणखी एक पट दाब असला, तर साधे पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले की तो दाब क्षणात सुटतो, पाण्याची वाफ होते आणि ती तोंडावर उसळते. बादली घेऊन धावणाऱ्या माणसाला म्हणूनच सांगावे, की बाबा, आधी इंजिन बंद कर आणि ते निवेपर्यंत दम धर.

सारांश, जुन्या गाडीत नवे इंजिन बसवणारा मनुष्य नुसते यंत्र बदलीत नाही. मूळ अभियंत्याने उष्णतेसाठी बांधलेली वाट तो मोडतो. ती नव्याने, शेवटच्या फटीपर्यंत बांधून देण्याची जबाबदारी मग त्याची असते. वाट पुरी केली, तर जुनी गाडी आणखी एक पिढी पाहील. अर्धवट सोडली, तर पहिल्याच चढावर तिच्या वाफा सगळ्यांना दिसतील.